रीफ टँकचा दिवा: आधी प्रवाळ ठरवा, मग टाकी मोजा, वॅट सगळ्यात शेवटी

रीफ टँक म्हणजे प्रवाळ पाळायची खाऱ्या पाण्याची टाकी. तिच्यासाठी दिवा घ्यायला दुकानात शिरल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'दोन फुटी टाकीला किती वॅटचा दिवा लागेल?' या प्रश्नाला धड उत्तर नाही. वॅटवरून दिवा किती वीज खातो ते कळतं. प्रवाळाच्या अंगावर किती प्रकाश पडतो, ते कळत नाही. मग दोनपैकी एक घोटाळा होतो. एक तर गोड्या पाण्याच्या टाकीवरची पांढरी पट्टी आणली जाते आणि दोन महिन्यांत झोअँथिड (बटणांसारखे दिसणारे प्रवाळ) लांब मानेचे, मळकट तपकिरी होतात. नाही तर भलामोठा दिवा आणून पहिल्याच दिवशी शंभर टक्क्यांवर ठेवला जातो आणि आठवड्याभरात मश्रूम नावाचे चकतीसारखे प्रवाळ पांढरे पडतात. कमी प्रकाशात प्रवाळ हळूहळू खंगतो, सावरायला वेळ मिळतो. जास्त प्रकाशात तो वेळ मिळत नाही.

खालचे आकडे २४ × १८ × १८ इंचांच्या, म्हणजे साधारण १२७ लिटरच्या टाकीचे आहेत. तुमची टाकी वेगळी असेल तर आकडे बदला, पायऱ्यांचा क्रम बदलू नका.

पायरी १: काय पाळणार, ते कागदावर लिहा

प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रवाळाचं बरंचसं अन्न तेच तयार करतं. म्हणून दिवा खरं तर या शैवालासाठी घ्यायचा असतो. त्याला उपयोगी पडणारा प्रकाश ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा. तो ज्या मापाने मोजतात त्याला पीएआर म्हणतात. एका चौरस मीटरवर सेकंदाला किती मायक्रोमोल प्रकाशकण पडले, याचा तो आकडा. सुरुवातीला पुरतील असे अंदाज:

- मश्रूम (डिस्कोसोमा): ४० ते ८०
- झोअँथिड, झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप: ८० ते १२०
- लेदर कोरल: १०० ते १५०
- एलपीएस, म्हणजे युफिलियासारखे मोठ्या पॉलिपचे (पॉलिप म्हणजे प्रवाळातला एकेक जीव) दगडी प्रवाळ: ८० ते १५०
- एसपीएस, म्हणजे अ‍ॅक्रोपोरासारखे बारीक पॉलिपचे दगडी प्रवाळ: २०० ते ३५०

पहिल्या टाकीत वरच्या तीन ओळींच्या बाहेर जाऊ नका. 'पुढे कधीतरी अ‍ॅक्रोपोरा ठेवू' म्हणून आजच दुप्पट ताकदीचा दिवा घेणारे बरेच असतात. तो 'पुढे कधीतरी' येईपर्यंत दिवा ३० टक्क्यांवरच चालतो, पैसे मात्र पूर्ण गेलेले असतात.

> सावधान: भारतात दगडी सांगाडा बांधणारे सगळे प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. एलपीएस आणि एसपीएस दोन्ही त्यातच येतात, तेव्हा इथल्या वाचकाने शेवटच्या दोन ओळी माहितीपुरत्या समजाव्यात. परदेशातल्या वाचकांनी तिथले नियम पाहून टाकीत वाढवलेले फ्रॅग, म्हणजे प्रवाळाचे छोटे तुकडेच घ्यावेत. मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेला मेलेला तुकडाही उचलून आणू नये. मऊ प्रवाळ घेतानाही बिल आणि आयातीची कागदपत्रं मागा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर तिथून निघा.

पायरी २: टाकी रिकामी असतानाच मोजा

दिव्याला टाकीच्या उंचीपेक्षा पाण्याच्या खोलीशी जास्त देणंघेणं आहे. १८ इंच म्हणजे जवळपास ४६ सेंटिमीटर. त्यातून वाळूचे ४ आणि वर मोकळे ठेवायचे ३ ते ४ वजा करा, म्हणजे खोली उरली ३८. खडकाचं टोक पाण्याखाली १८ ते २० सेंटिमीटरवर येईल अशी रचना करा. म्हणजे एकाच टाकीत दोन मजले तयार होतात: वाळूवर मश्रूम, वर लेदर.

याच वेळी चार गोष्टी टिपून ठेवा: काचेची जाडी, कडेला आतून आडव्या काचपट्ट्या आहेत का, टाकीवर झाकण राहणार आहे का, आणि टाकीच्या वर भिंतीतलं कपाट किंवा माळा किती अंतरावर आहे. दिवा घरी आल्यावर क्लॅम्प काचेत बसत नाही, ही तक्रार नेहमीची आहे. ती टाळायला एक मोजपट्टी पुरते.

टाकी खिडकीसमोर असेल तर सूर्यप्रकाश हिशेबात धरू नका. तो ऋतूप्रमाणे सरकतो, पाणी तापवतो आणि काचेवर शेवाळ चढवतो. पडदा लावा.

पायरी ३: दिव्याचा प्रकार

इथे फार वेळ घालवू नका. मेटल हॅलाइडचा प्रकाश सुरेख असतो, पण त्याच्या उष्णतेमुळे आपल्या हवेत चिलरवरचा, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्रावरचा भार वाढतो. टी-फाइव्ह नळ्यांचा प्रकाश सगळीकडे सारखा पडतो आणि सावल्या कमी येतात. दोन फुटी टाकीला २४ वॅटच्या चार हाय आउटपुट नळ्या लागतात. त्या दर ९ ते १२ महिन्यांनी बदलाव्या लागतात आणि योग्य रंगाच्या नळ्या आपल्याकडे सहज मिळत नाहीत. उरला एलईडी. नवख्याने तोच घ्यावा, पण सागरी टाकीसाठी बनवलेला.

'सागरी' म्हणजे काय? त्यात ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा रॉयल ब्लू भरपूर असावा, सोबत ४७० च्या आसपासचा निळा, ४०० ते ४२० चा थोडा जांभळा, आणि डोळ्याला बरं दिसण्यापुरता पांढरा. पाण्यात लाल प्रकाश लवकर शोषला जातो, निळा खोलवर पोचतो आणि प्रवाळातलं शैवाल त्यावर छान चालतं. वनस्पतींच्या टाकीचा ६५०० केल्विनचा दिवा आपल्याला पिवळट दिसतो. रीफवर १४,००० ते २०,००० केल्विनचा निळसर प्रकाश वापरतात. पण केल्विन हा नुसता रंगाचा आकडा. 'वीस हजार केल्विन' छापलेली मिणमिणती पट्टीही बाजारात मिळते.

> तपासा: विक्रेत्याकडे किंवा कंपनीकडे त्या दिव्याचा पीएआर नकाशा आहे का? त्यात टांगण्याची उंची, पाण्याची खोली आणि मोजणीच्या वेळचं रंगांचं सेटिंग दिलेलं असलं पाहिजे. नुसता 'पीएआर ६००' लिहिलं असेल, तर तो बहुधा दिव्याच्या अगदी तोंडाशी मोजलेला असतो. त्याचा काही उपयोग नाही.

पायरी ४: पसारा बघा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. दिव्याच्या बरोबर खाली पीएआर २५० आणि वीतभर बाजूला ६०, अशी टाकी वरून झगझगीत दिसते. प्रवाळ मात्र मध्ये करपतात आणि कडेला उपाशी राहतात.

आधी कागदावर हिशेब करा. दिव्यावरचं भिंग ९० अंशांचं असेल, म्हणजे प्रकाश ९० अंशांच्या कोनात पसरत असेल, तर दिवा जितका वर, साधारण तितक्याच त्रिज्येचं वर्तुळ खाली पडतं. पाण्यापासून २५ सेंटिमीटर उंचीवर टांगला तर पृष्ठभागावर ५० सेंटिमीटर व्यासाचं. आपली टाकी ६१ सेंटिमीटर लांब, म्हणजे दोन्ही टोकं थोडी बाहेर राहतात. त्यात पाण्यात शिरताना किरण आतल्या बाजूला वाकतात: हवेत ४५ अंशांनी तिरपा आलेला किरण पाण्यात ३२ अंशांचाच उरतो. म्हणून खाली जाताना वर्तुळ वाटतं तितकं पसरत नाही. भिंग १२० अंशांचं घेतलं तर त्याच उंचीवर त्रिज्या ४३ सेंटिमीटर होते. टोकं भरतात, पण टाकी ४६ सेंटिमीटरच रुंद असल्याने बराच प्रकाश पुढच्या काचेबाहेर सोफ्यावर पडतो.

यावरून काढायचं ते असं. दोन फुटी टाकीला मध्यम ताकदीचा एक दिवा २५ ते ३० सेंटिमीटरवर चालतो, टोकांना मश्रूमपुरता प्रकाश मिळतो. तीन फुटी टाकीला एकच जोरदार दिवा घेण्यापेक्षा निम्म्या ताकदीचे दोन घ्या. दिवा जितका लहान, प्रकाश जितका एका बिंदूतून येणारा, तितक्या सावल्या काळ्या. खडकाच्या कपारीखालचा भाग त्याने कायमचा अंधारात जातो.

मग प्रत्यक्ष तपासा. पीएआर मीटर महाग आहे. तो विकत घेण्यापेक्षा शहरातल्या एखाद्या हौशी गटाकडून दोन दिवसांसाठी मागून आणा. अपोजीचा एमक्यू-५१० हा पाण्याखाली वापरायचा आणि निळा प्रकाशही नीट धरणारा मीटर आहे. पुष्कळ जुने मीटर निळा कमी दाखवतात. मीटर मिळालाच नाही, तर ही युक्ती करा:

१. टाकी कोरडी असताना दिवा ठरलेल्या उंचीवर बसवा. निळा-पांढऱ्याचं एक सेटिंग पक्कं करा.
२. तारेने जोडलेला वेगळा सेन्सर असलेला साधा लक्स मीटर घ्या. मोबाइलचं अ‍ॅप नको.
३. टाकीच्या तळाचे मनात नऊ चौकोन पाडा. प्रत्येकाच्या मध्यावर सेन्सर आडवा ठेवून आकडा लिहा. हात आणि डोकं प्रकाशात येऊ देऊ नका.
४. मधल्या आकड्याला १०० धरा आणि बाकीचे त्या प्रमाणात मांडा.

जिथे प्रवाळ ठेवायचे आहेत तिथे हे प्रमाण ४० च्या खाली गेलं, तर दिवा पाच सेंटिमीटर वर घ्या आणि पुन्हा मोजा. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप, आणि डोळा हिरव्याला भाव देतो, निळ्याला देत नाही. म्हणून लक्सवरून पीएआर काढायला जाऊ नका. एकाच सेटिंगवर दोन जागांची तुलना मात्र त्याने नीट होते, आणि आपल्याला तेवढीच हवी आहे. पाणी भरल्यावर काचेवरून परतणाऱ्या प्रकाशामुळे कडांचे आकडे थोडे सुधारतात.

पायरी ५: विकत घेण्यापूर्वीची झाडाझडती

आता वॅटकडे वळायला हरकत नाही. ५५ एलईडी चिप, प्रत्येकी ३ वॅट, म्हणून खोक्यावर '१६५ वॅट' छापलेलं असतं. चिप त्या कमाल ताकदीवर चालवत नाहीत, त्यामुळे भिंतीतून ओढली जाणारी वीज बरीच कमी असते. प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर लावून खरा आकडा बघा. वीजबिलाचा हिशेब सोपा आहे: ९० वॅट ओढणारा दिवा रोज आठ तासांच्या पूर्ण ताकदीइतका चालला, तर दिवसाला ०.७२ युनिट, महिन्याला साधारण २२.

दुकानातच हे करून पाहा:

- निळा आणि पांढरा वेगवेगळा कमी-जास्त होतो का? नुसतं चालू-बंद असेल तर नको.
- दिवा १० टक्क्यांवर आणा. लुकलुकतो का?
- वेळ लावा, प्लग काढा, दहा मिनिटांनी पुन्हा लावा. घड्याळ बरोबर आहे का? स्वस्त दिव्यांत आत सेल नसतो. वीज जाऊन आली की घड्याळ बाराला परततं आणि टाकीत मध्यरात्री भर दुपार होते. वीज येत-जात राहणाऱ्या गावात हा दोष कळेपर्यंत प्रवाळ आठवडेच्या आठवडे उलट्या वेळापत्रकावर जगतात, आणि मालक पाण्याच्या चाचण्या करत बसतो.
- पंखा आवाज करतो का, आणि तो सुटा मिळतो का? खारट हवेत आधी पंखाच जातो.
- अ‍ॅप बंद पडलं तरी दिव्यावरच्या बटणांनी काम भागतं का?

पायरी ६: टांगणी आणि वीज

पाण्यापासून २५ सेंटिमीटरने सुरुवात करा. २० च्या खाली आणलात तर खारे शिंतोडे थेट दिव्यावर उडतात. क्लॅम्प आणि काचेच्या मध्ये रबराचा तुकडा घालाच. आठ मिलिमीटरच्या काचेवर लोखंडी स्क्रू पिळला की कोपऱ्याला बारीक टवका उडतो, आणि तो दिसतो पाणी भरल्यावर.

प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोळासारखी लोंबती ठेवा. वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी थेंबाथेंबाने गळून जातं, सॉकेटपर्यंत पोचत नाही. अडॅप्टर जमिनीवर ठेवू नका, कपाटाच्या बाजूला स्क्रूने बसवा. टाकीच्या सगळ्या लाइनवर ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. खाऱ्या पाण्यात हात घालणाऱ्यासाठी ही चैन नाही.

पायरी ७: पहिले काही आठवडे अंधार

टाकीचं सायकलिंग करणाऱ्या, म्हणजे पाण्यातला विषारी अमोनिया आणि नायट्राइट पचवणाऱ्या जिवाणूंना प्रकाश लागत नाही. कोरड्या खडकाने सुरुवात केली असेल तर अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत दिवा बंद ठेवा. नवा दिवा कसा दिसतो ते बघायचा मोह होतोच. रात्री दहा मिनिटं लावून बघा आणि बंद करा. या दिवसांत रोज दहा तास दिवा चालवणारे लोक प्रवाळासाठी आणलेल्या प्रकाशावर हिरवं शेवाळ पोसत असतात.

नंतरचं वेळापत्रक असं ठेवा:

- दुपारी १ ते २: निळा शून्यापासून चढवत न्या
- २ ते ९: ठरलेली पूर्ण पातळी
- ९ ते १०: उतरवत बंद

उरलेले पंधरा तास पूर्ण अंधार. रात्रभर मंद निळा 'चांदणं' म्हणून चालू ठेवायची गरज नाही. एप्रिल-मेमध्ये खोली दुपारी दोन ते पाच सगळ्यात तापलेली असते. तेव्हा सगळं वेळापत्रक दोन तास पुढे ढकला, म्हणजे उन्हाची आणि दिव्याची उष्णता फार वेळ एकत्र पाण्यात जाणार नाही. पाणी २४ ते २६ अंशांत ठेवा. ते २९-३० च्या वर चढलं, की एरवी सोसणारा प्रकाशही प्रवाळाला सोसत नाही.

पायरी ८: प्रकाश चढवत नेणं

समजा, मीटरने मोजल्यावर शंभर टक्क्यांवर खडकाच्या टोकाला २४० आणि वाळूवर ११० पीएआर मिळाला. वाळूवर ६५ आणि टोकाला १४५ आपल्याला पुरेल, म्हणजे शेवटचा मुक्काम ६० टक्के. सुरुवात त्याच्या निम्म्यावर:

- पहिला आठवडा: ३० टक्के (वाळूवर ३३, टोकाला ७२)
- पुढे दर आठवड्याला पाच टक्क्यांची वाढ
- सातव्या आठवड्यात: ६० टक्के

काही दिव्यांत टक्का आणि प्रकाश सरळ प्रमाणात वाढत नाहीत, म्हणून ३० आणि ६० या दोन्ही ठिकाणी मोजून घ्या. मीटर नसेल तर ५० टक्क्यांवर थांबा आणि महिनाभर नुसतं बघा.

नवीन आणलेला प्रत्येक फ्रॅग, त्याची कायमची जागा कुठलीही असो, आधी आठ-दहा दिवस वाळूवर ठेवा. विक्रेत्याकडे तो किती प्रकाशात होता ते विचारा. निदान त्याच्या टाकीत तो वर होता की तळाशी, एवढं तरी. मग अर्ध्या उंचीवर आठवडाभर, मग जागेवर.

> सावधान: झोअँथिड हलवताना हातमोजे आणि चष्मा वापरा. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे घातक विष असू शकतं. ते चिकटलेला खडक घासू नका, आणि उकळत्या पाण्यात तर कधीच टाकू नका. वाफेतूनही बाधा होते.

पायरी ९: खुणा वाचायला शिका

जास्त प्रकाश असला तर मश्रूमच्या कडा आत वळतात, चकती आक्रसते, रंग फिका पडत पांढऱ्याकडे जातो. झोअँथिड भरदिवसा मिटलेले राहतात. अशा वेळी दिवा एकदम निम्म्यावर आणा किंवा फ्रॅग सावलीत सरकवा. आठवड्याची वाट बघू नका. तीव्र प्रकाशात आतल्या शैवालात घातक ऑक्सिजन-संयुगं साठतात आणि प्रवाळ ते शैवालच बाहेर टाकतो. पांढरा पडलेला प्रवाळ म्हणून लगेच मेलेला नसतो, पण त्याचं स्वयंपाकघर बंद झालेलं असतं.

कमी प्रकाश असला तर झोअँथिडचे देठ लांबतात, मश्रूम ताटासारखे पसरतात, रंग तपकिरी होतात. इथे घाई नको, आठवड्याला पाच टक्के पुरे.

फसवणाऱ्या खुणाही असतात. लेदर कोरल अधूनमधून मिटून चार-आठ दिवस अंगावर मेणचट पापुद्रा धरतो आणि मग तो टाकून देतो. ते त्याचं नेहमीचं आहे, दिव्याला हात लावू नका. नव्या टाकीत वाळूवर येणारी तपकिरी भुकटी डायटम या सूक्ष्म शैवालाची, ती आपोआप जाते. आणि पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही शून्य असतील, तर बेताचा प्रकाशही प्रवाळाला जड जातो. प्रकाश कमी करण्याआधी ही चाचणी करा. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या (दहा लाखांत किती भाग) दरम्यान असू द्या.

एका वेळी एकच गोष्ट बदला: उंची, टक्केवारी, तास किंवा रंग. नंतर आठ-दहा दिवस थांबा. सोमवारी दिवा वर घेतला, बुधवारी पांढरा वाढवला आणि शुक्रवारी प्रवाळ मिटला, तर कशामुळे मिटला ते कुणालाच सांगता येणार नाही.

पायरी १०: देखभाल

दिव्याच्या काचेवर आणि टाकीच्या झाकणावर मिठाचा धुरकट थर बसतो. दर आठवड्याला प्लग काढून, आरओच्या पाण्यात पिळलेल्या मऊ कापडाने पुसा. पंख्यातली धूळ दर तीन महिन्यांनी ब्रशने झाडा. पंखा मंदावला की चिप तापतात आणि त्यांचं आयुष्य घटतं.

पुसायचं दोन-तीन महिने राहून गेलं असेल, तर ज्या दिवशी काच लख्ख कराल त्या दिवशी दिवा दहा टक्क्यांनी खाली आणा आणि दोन आठवड्यांत पूर्ववत करा. टी-फाइव्हची जुनी नळी काढून नवी लावली, तरी हेच करायचं.